मातीच्या किल्ल्याचा लोखंडी दरवाजा

मला एक वाईट खोड आहे. दुसऱ्याच्या हातात चाललेलं काम मला बघवत नाही. कुणी खिळा ठोकत असो, कुणी भाकरी थापत असो, कुणी साधं बाटलीचं झाकण उघडत असो, माझ्या तोंडून आपोआप निघतं, "सरक जरा बाजूला, दे इकडं." कुपवाडला माझा छोटा कारखाना आहे, पंपांचे सुटे भाग करतो. तिथली माणसं या वाक्याला इतकी सरावली आहेत, की मी लेथ मशीनपाशी गेलो की आमचे जुने टर्नर स्वतःच मागं सरतात आणि चहाला जातात. तो माझ्या हातगुणाला दिलेला मान आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

ही खोड आधीच सांगून टाकलेली बरी, कारण पुढं जे झालं ते तिच्यामुळं झालं. त्यात एआयचा काही दोष नाही. माझी बायको तर अजून म्हणते, की त्या सगळ्या प्रकारात शहाण्यासारखं वागलेलं ते एकटंच होतं.

झालं असं. माझी मुलगी सहावीत. तिच्या शाळेनं दिवाळीच्या सुट्टीत शुद्धलेखनाची पानं भरायला न देता एकच काम दिलं. घरी स्वतःच्या हातानं काहीतरी घडवायचं, आणि ते कसं घडवलं, काय चुकलं, काय सुधारलं ते वहीत लिहायचं. शेवटी एक रकाना होता, 'कुणाची मदत घेतली'. मुलीनं क्षणभरही विचार न करता किल्ला ठरवला. आमच्या भागात दिवाळी म्हणजे फराळ, आकाशकंदील आणि दारातला मातीचा किल्ला. त्या आठवड्यात सातारा-सांगलीकडच्या पोराची नखं स्वच्छ दिसली तर ते आजारी आहे असं समजावं.

"पण या वर्षी मी एकटी करणार," ती म्हणाली. "मागल्या वर्षी तुमी केला. त्याच्या मागल्या वर्षीपण तुमीच केला. मी नुसतं पाणी आणत होते."

"तू लहान होतीस तेव्हा."

"आता मोठी झाले. आता माझा किल्ला मीच करणार. तुमी हात लावायचा न्हाई."

मी "बरं" म्हणालो. माझं 'बरं' आमच्या घरात कुणी फारसं मनावर घेत नाही, पण त्या दिवशी तिनं घेतलं असावं.

माझी अडचण वेगळी होती. माधवनगरच्या अलीकडं आमची गल्ली आहे, आणि गल्लीत किल्ल्यांची स्पर्धा असते. पाडव्याच्या सकाळी समोरच्या घरातले निवृत्त सुभेदार इस्त्रीच्या कपड्यात परीक्षणाला निघतात. पहिल्या नंबराला भडंगाचा मोठा डबा आणि सुभेदारांचा कडक सॅल्यूट. भडंग काय, सांगलीत कुठंही मिळतं. पण त्या सॅल्यूटसाठी गल्लीतले बाप चार-चार दिवस रजा टाकतात. नाव पोरांचं, स्पर्धा बापांची, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच ते बोलून दाखवत नाही. माझा दोन वर्षं ओळीनं दुसरा नंबर आला होता. दोन्ही वेळा मला वाटलं होतं, की सुभेदारांना चष्म्याची गरज आहे.

आता एआयकडं येतो. बायको शाळेत गणित शिकवते. तिनं आपला जुना फोन मुलीच्या या कामासाठी काढून दिला आणि त्यातल्या एआयला आधीच बजावून ठेवलं. हिला आयती उत्तरं द्यायची नाहीत. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. ती अडली तर करून बघायला काहीतरी सुचवायचं. फोन स्वयंपाकघरातच राहील, मिक्सरशेजारी, आणि त्यातलं बोलणं घरातल्या कुणीही वाचावं. मी या सगळ्याला नाक मुरडलं. मला वाटलं, मातीच्या कामात याची काय लुडबूड.

तरीही पहिल्याच संध्याकाळी, मुलगी खेळायला गेली आहे असं बघून, मी त्याला विचारलं, की अजिंक्यतारा चार फुटांत बसवायचा तर बुरूज किती इंचांचे घ्यावेत. माझं लहानपण सातारा तालुक्यातल्या गावात गेलं, अजिंक्यताऱ्यावर माझा जरा जास्त हक्क आहे अशी माझी समजूत. त्यावर ते काय म्हणावं? 'हा किल्ला कोण करत आहे? आणि तिला अजिंक्यताराच हवा आहे का?'

माझा पारा चढला. मी प्रश्न विचारला की समोरच्यानं उत्तर द्यायचं, एवढी साधी रीत. तपासणीला आलेला साहेब जसा हात मागं बांधून नुसते प्रश्न विचारतो, तसला हा प्रकार. त्या दिवसापासून मी त्याला 'साहेब' म्हणायला लागलो.

मुलीचं आणि साहेबाचं मात्र छान जमलं. त्यानं विचारलं, 'तुझ्या किल्ल्यावर तुलाच हल्ला करायचा असेल तर तू कुठून चढशील?' पोरगी मातीच्या ढिगाभोवती तासभर वाकून फिरली. मग विचारलं, 'किल्ल्यावरच्या माणसांना प्यायला पाणी कुठून मिळेल?' तिनं ढिगाच्या डोक्यावर मगानं पाणी ओतलं, ते कुठून कुठं वाहतं ते बघितलं आणि त्या वाटेवर उदबत्तीच्या काड्या रोवल्या. गच्चीच्या कठड्यावर तिनं काळ्या मातीच्या तीन छोट्या विटा वाळत घातल्या होत्या. एक नुसती, एक वाळू घालून, एक भुसा घालून. मला वाटलं, भातुकली चालली आहे. मी वर गेलो, विटा बघितल्या आणि "कडा सरळ नाहीत" असं सांगून खाली आलो.

"हा अजिंक्यतारा दिसत नाही," मी दुसऱ्या दिवशी ढिगाकडं बघून म्हणालो.

"न्हाईच हाय."

"मग कुठला आहे? असा किल्ला आहे तरी का कुठं?"

"हाय की. आपल्या दारात."

तिसऱ्या दिवशी मी दरवाजा केला. तिच्या किल्ल्याला हात लावायचा नाही हे ठरलं होतं, पण दरवाजा कारखान्यात करायला कुणी मनाई केली नव्हती. जाड पत्रा कापला, दोन कवाडं केली, पितळेच्या बिजागऱ्या बसवल्या, हत्तींनी धडका मारू नयेत म्हणून असतात तसले अणकुचीदार खिळे लेथवर एकेक करून काढले. खरं सांगतो, त्या वर्षात कारखान्यातून एवढं सुबक काम बाहेर पडलं नव्हतं. कवाडं उघडझाप करायला लागली तेव्हा टर्नर चहा संपवून आले. हे गृहस्थ पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले, आणि कमी बोलणारे.

"मालक, दरवाजा लय भारी झालाय," ते म्हणाले. "पर बसवायचा कशावर?"

"किल्ल्यावर."

"दगडी हाय व्हय?"

"मातीचा."

टर्नर दरवाज्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं बघितलं, आणि परत चहाला गेले. मी त्यावरून तरी ओळखायला हवं होतं.

त्या संध्याकाळी मायलेकी बाजारात मावळे आणायला गेल्या होत्या. मी दरवाजा पिशवीतून काढला आणि दोन बुरुजांच्या मध्ये ओल्या मातीत दाबून बसवला. दोन पावलं मागं जाऊन बघितला. फोटो काढला. फोटो काढून होईपर्यंत दरवाजा उभा होता, याला माझ्याकडं पुरावा आहे. मग तो अगदी सावकाश पुढं झुकला, डावा बुरूज सोबत घेतला, बुरुजानं तट घेतला, आणि तटामागं तिनं दोन दिवस खपून केलेलं पाण्याचं टाकं होतं, तेही त्याच रांगेत गेलं.

मुलगी आली तेव्हा मी चिखलात गुडघे टेकून बसलो होतो. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं हातातली मावळ्यांची पिशवी पायरीवर नीट ठेवली आणि म्हणाली, "पप्पा, तुमी 'बरं' म्हणाला होता."

"आत्ता उभा करून देतो. तू सरक जरा—"

"अहो," बायको म्हणाली. एवढंच म्हणाली. मी उठलो आणि हात धुवायला आत गेलो. मला लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. पण खोडही खरीच सांगायला हवी. साबण लावता लावताच डोक्यात आलं, की ॲल्युमिनियमचा केला तर मातीला वजन पेलेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी माझ्यासाठी चहा घेऊन आली. एरवी ती मला चहा देत नाही.

"पप्पा, काळ्या मातीला तडे जातात. मला आपल्या गावची लाल माती पायजे. डोंगराच्या कडेची."

"साताऱ्याहून?"

"आणि तिथवर जाताच हाय तर पुढं वाईला आजीकडं जावा. नदीतले चपटे खडे पायजेत. तुमाला बरोबर निवडता येतील. दुसऱ्या कुणाला जमणार न्हाई."

मला वाटलं, पोरीनं माफ केलं. कारखाना टर्नरच्या हवाली करून मी गाडी काढली. गावात मी फावडं घेऊन डोंगराच्या कडेला पोती भरत होतो, तेव्हा चुलतभाऊ आला. "सांगलीत माती संपली व्हय रं?" त्यानं विचारलं. मी त्याला काळ्या आणि लाल मातीतला फरक समजावून सांगितला. तो जन्मभर त्याच मातीत राबलेला, त्यानं ऐकून घेतलं. वाईला घाटाच्या पायऱ्यांखाली पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी चपटे खडे निवडत होतो, तर दोन शाळकरी पोरी माझ्याकडं बघून हसल्या. सासूबाईंनी जेवू घातलं, चकल्या बांधून दिल्या आणि विचारलं, "किल्ला ती एकटीच करतेय ना?"

"एकटीच. मी नुसती माती न्यायला आलोय."

"इतक्या लांब?" सासूबाई हसल्या. "शहाणी आहे हो माझी नात." मला वाटलं, किल्ल्याचं कौतुक चाललं आहे.

घरी पोचलो तर किल्ल्यावर जुनी चादर टाकलेली. "सुकतोय," मुलगी म्हणाली. "पोती तिथं ठेवा."

त्यानंतर लोकर. साहेबानं तिला विचारलं होतं, 'किल्ल्याच्या खाली कोण राहतं?' तिनं ठरवलं, मेंढरांचा कळप आणि राखणारी बाई. मेंढरांना खरी लोकर हवी, कापूस चालणार नाही. मी टर्नरना घेऊन त्यांच्या गावाला गेलो. तिथं कळलं, की त्यांचा धाकटा भाऊ कळप घेऊन दोन दिवसांपूर्वीच पश्चिमेला निघाला आहे. मग आम्ही माळामाळानं, विचारत विचारत, लेंड्यांच्या वाटेनं त्याला गाठलं. "चार बोटं लोकर पायजे?" धाकटा म्हणाला. "आवं, त्यासाठी मालक सोता आलं?" त्यानं एका मेंढीच्या पाठीवरून कातरीनं झुपका कापला आणि माझ्या हातात दिला. टर्नर दुसरीकडं तोंड करून खोकत होते.

मग माधवनगरातून झेंड्यासाठी सूत. पहिलं फार पिवळं होतं, दुसरं फार लाल. तिसऱ्या फेरीत दुकानदारानं मला बसायला खुर्ची दिली.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी लवकर आलो. दोघी आकाशकंदिलाचा कागद आणायला गेल्या होत्या. मी हात मागं बांधून चादरीचं टोक दोन बोटांनी वर केलं. फक्त बघायला. हात मागं बांधून चादर उचलता येत नाही, हे मान्य आहे, पण दुसरा हात खरंच मागं होता.

किल्ला उभा होता. तट नागमोडी, बुरूज थोडे ठेंगणे पण घट्ट, वर पाण्यानं भरलेलं टाकं, उतारावर हळिवाची हिरवळ कोवळी वर आलेली. कुठं तडा नाही. मला इतकं छान वाटलं, की मी तिथं उभ्या उभ्या हसलो. मग लक्षात आलं, की किल्ला काळाकुट्ट आहे. लाल मातीचा एक कण नाही. मी आजूबाजूला बघितलं. बायकोच्या गुलाबाच्या सगळ्या कुंड्या लालभडक मातीनं काठोकाठ भरलेल्या होत्या, आणि त्यांच्यावर माझे वाईचे चपटे खडे कडेनं सुंदर मांडलेले होते.

मी स्वयंपाकघरात गेलो. चिवड्याचा डबा काढला आणि मिक्सरशेजारचा फोन उघडला.

मुलीनं लिहिलं होतं, 'माझे पप्पा माझा किल्ला करतात. ते चांगले आहेत पण त्यांचे हात थांबत नाहीत. काय करू?'

साहेबानं विचारलं होतं, 'हे तू त्यांना सांगितलं आहेस का?'

'सांगितलं. ते बरं म्हणतात आणि दरवाजा आणतात. जास्त बोललं तर रुसतात.'

'त्यांना मदत करायची खूप इच्छा दिसते. फक्त त्यांनाच जमेल असं एखादं खरं काम देता येईल का?'

'लांबचं काम चालेल का? साताऱ्याचं?'

'त्या कामाची तुला गरज असेल तर चालेल. खोटं काम दिलंस आणि नंतर त्यांना कळलं, तर त्यांना वाईट वाटेल.'

'त्यांना कळत नाही.'

बोलणं पुढं बरंच होतं, पण मी फोन खाली ठेवला. शेजारी तिची वही होती. दरवाजा पडायच्या आदल्या दिवशीच्या पानावर तिन्ही विटांची चित्रं आणि खाली एक ओळ, 'काळी माती आणि भुसा, तडा नाही, हीच घ्यायची.' म्हणजे मी सातारा-वाईच्या वाटेवर होतो तेव्हा माझ्या प्रवासाची काहीएक गरज नव्हती, हे पोरीला ठाऊक होतं, तिच्या आईला ठाऊक होतं, आणि सासूबाईंनी तर चकली वाढता वाढता ओळखलं होतं.

मला भयंकर राग आला. मी चिवडा खात खात रागावलो. 'रुसतात' हा शब्द सगळ्यात जास्त लागला, कारण मी त्या क्षणी रुसूनच बसलो होतो. आणि सगळ्या घरात माझी बाजू कुणी घेतली असेल तर त्या साहेबानं, ज्याला मी आठवडाभर नावं ठेवली.

मग मला माझे वडील आठवले. ते फौजेत होते. दिवाळीला रजा मिळायचीच असं नाही, त्यामुळं माझे किल्ले मी एकटाच करायचो. ते ढासळायचे, मी परत करायचो. एका वर्षी त्यांना रजा मिळाली. मी म्हणालो, "दादा, बुरूज तुमी करा." ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "तू कर, मी बघतो." दिवसभर बसून बघितलं. त्यांनी मदत केली नाही म्हणून मी तेव्हा हिरमुसलो होतो. त्या दुपारी डब्यात हात घालून बसलो असताना पहिल्यांदा वाटलं, की त्यांना ते फार जड गेलं असणार. लेथ चालवणारे हे माझे हात अशाच दिवसांत तयार झाले, कारण मला कुणी बाजूला सरकवलं नव्हतं.

मायलेकी परत आल्या. मी दारातच उभा होतो.

"अजून काही आणायचं आहे का?" मी मुलीला विचारलं. "लांबचं असलं तरी चालेल. कोकणातून वाळू आणू?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग चादरीकडं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं. "तुमी वाचलं?"

"मला कळत नाही म्हणे."

तिचे डोळे भरून आले. "सॉरी पप्पा," ती म्हणाली. "पण तुमी ऐकतच न्हाई." बायको घाईघाईनं गुलाबांना पाणी घालायला निघाली. मी तिला तिथंच थांबवलं आणि म्हणालो, की माती चांगली आहे, गुलाब जोरात येतील. मग मुलीला विचारलं, की मला नुसतं बसून बघता येईल का.

तिनं विचार केला. "येईल. पण हात खिशात."

ते दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. पायरीवर बसायचं, हात खिशात. ती झेंड्याची काडी तिरकी रोवायची आणि मी खिशातल्या खिशात कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा आवळायचो. मेंढरांचे पाय निखळले तेव्हा मी उठून गल्लीत एक चक्कर मारून आलो. परत येईपर्यंत तिनं काड्या बदलून पाय बसवले होते, आणि ते चांगले बसले होते. ती मधूनच आत पळायची, साहेबाशी काहीतरी बोलायची आणि परत यायची. एकदा मी विचारलं, "काय म्हणतो?" तर म्हणाली, "विचारतोय, दरवाजा शत्रूला दिसायला पायजे का." मी तोंड घट्ट मिटून घेतलं. दरवाज्याच्या विषयावर बोलायला मला तोंडच नव्हतं.

पाडव्याला सुभेदार आले. त्यांनी किल्ल्याला एक फेरी मारली, दुसरी मारली. "बेटा, दरवाजा कुठाय?"

"हुडका की."

सुभेदार गुडघ्यावर बसले, आमच्या गल्लीत हे कधी झालेलं नव्हतं, आणि दोन बुरुजांच्या वळणामागं लपलेली फट बोटानं चाचपून बाहेर काढली. "शाब्बास. आणि पाणी? किती दिवस झालं भरून?"

"चार. आतनं मेणबत्तीचं मेण लावलंय. आधी तेल लावून बघितलं, ते टिकलं न्हाई."

मग त्यांनी गल्लीतल्या सगळ्या पोरांना विचारतात तो प्रश्न विचारला. तो विचारताना ते नेहमी मिशीतल्या मिशीत हसतात. "वडलांचा हात कुठं लागलाय?"

मी जमिनीकडं बघायला लागलो. लाल मातीचं सांगितलं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"लागलाय," ती म्हणाली. "पण कुठं ते सांगणार न्हाई."

बापाची अब्रू झाकायला पोरगी खोटं बोलली, असं मला वाटलं. वहीतला मदतीचा रकाना ती माझ्यापासून हातानं झाकायची, तोही मला त्यामुळंच रिकामा वाटत होता.

आमचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर कोपऱ्यावरच्या घराला, जिथं बापानं मोटर लावून धबधबा सोडला होता. माझे हात खिशातून बाहेर आले, मी सुभेदारांच्या मागं निघालोच होतो, तेवढ्यात तिनं माझा सदरा धरला. "पप्पा, हा दुसरा नंबर माझा हाय. तुमी भांडू नका." सुभेदारांना अजूनही चष्म्याची गरज आहे, एवढंच मी म्हणतो.

आमच्याकडं तुळशीच्या लग्नादिवशी किल्ला उडवतात. पोटात सुतळी बॉम्ब ठेवायचा आणि लांबून पेटवायचा. इतकी माया लावून केलेली वस्तू स्वतःच उडवायची ही रीत बाहेरच्या माणसाला पटत नाही, पण पोरं त्यासाठी दिवस मोजत असतात. संध्याकाळी गल्ली जमली. मुलीनं लांब काठीच्या टोकाला उदबत्ती बांधली, पेटवली आणि काठी माझ्या हातात दिली.

"हे काम तुमचं. खरं काम हाय, खोटं न्हाई."

मी काठी पुढं केली. समोर ते ठेंगणे बुरूज, तिरकी झेंड्याची काडी, हळीव आता चांगलं वीतभर वाढलेलं, त्यात अर्धी बुडालेली मेंढरं आणि ती राखणारी बाई. उदबत्ती वातीपासून बोटभर लांब राहिली आणि माझा हात पुढं जाईना. मी परत प्रयत्न केला. जाईचना.

"पप्पा," ती शेवटी म्हणाली, "सरका जरा बाजूला. द्या इकडं."

बायको इतक्या मोठ्यानं हसली, की सुभेदारही हसले. मग त्यांनी "पीछे हटो" असा हुकूम सोडला, सगळे भिंतीला टेकले आणि पोरीनं शांतपणे वात पेटवली. धडाका झाला. टाकं उडालं, बुरूज उडाले, आणि बरीचशी माती माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आली.

धूर ओसरल्यावर मी ढिगाऱ्याजवळ गेलो. मध्यभागी काहीतरी चमकत होतं. मी वाकून माती बाजूला केली. आडवा, अगदी पातळीत ठेवलेला, माझा दरवाजा होता. एक खिळाही वाकला नव्हता. कवाडं उघडून बघितली, तर बिजागऱ्या आत माती जाऊनही फिरत होत्या.

"हा इथं कसा?" मी विचारलं.

"टाक्याखाली हाय तो. तुमी साताऱ्याला गेलता तवाच घातला. टाकं सारखं खचत होतं. साहेबानं विचारलं, एवढी जड वस्तू किल्ल्यात कुठं कामाला येईल? मग मी खाली घालून बघितला. परत खचलं न्हाई." तिनं वही आणून उघडून दाखवली. मदतीच्या रकान्यात मी साताऱ्याला गेलो त्याच तारखेला लिहिलेलं होतं, 'पप्पा. टाक्याखालचा पाया.'

 मी दरवाजा सदऱ्यालाच पुसायला लागलो.

"मग मला सांगितलं का नाहीस? मी इतके दिवस तिथं पायरीवर बसून होतो."

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तो नीट बसलाय का बघायला तुमी सगळा किल्ला उकरला असता."

मी सुभेदारांकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. कुणीच माझी बाजू घेतली नाही. घेण्यासारखी नव्हतीच, मी उकरलाच असता.